खानेसुमारीतील नाव आणि मोडीचे वळण

घराण्याचा इतिहास शोधू पाहणाऱ्याला वडीलधाऱ्यांच्या आठवणी फार तर तीन-चार पिढ्यांपर्यंत नेऊन पोचवतात. त्यामागे जायचे तर कागदाचाच आधार घ्यावा लागतो, आणि महाराष्ट्रात हा कागद बहुतेक वेळा मोडी लिपीत, म्हणजे आजच्या सुशिक्षित मराठी माणसालाही न लागणाऱ्या अक्षरात लिहिलेला असतो. ब्रिटनमध्ये किंवा अमेरिकेत असा शोध घेणारे लोक आधी जनगणनेचे जुने तक्ते उघडतात. ब्रिटनमधील घरोघरचे तक्ते शंभर वर्षांनी आणि अमेरिकेतील बहात्तर वर्षांनी लोकांना पाहण्यास खुले होतात. त्या नियमाने इंग्लंड व वेल्सचे १९२१ चे तक्ते आणि अमेरिकेचे १९५० चे तक्ते २०२२ साली खुले झाले, आणि तेथील प्रगणकांच्या घाईच्या, संक्षेपांनी भरलेल्या अक्षराचा उलगडा करणे हे तिकडच्या कुलशोधकांच्या अंगवळणी पडलेले काम आहे. हिंदुस्थानात १८७२ साली पहिली जनगणना झाली आणि १८८१ पासून ती दर दहा वर्षांनी नियमाने होऊ लागली खरी, परंतु आकड्यांचे गोषवारे छापून झाल्यावर माणसामाणसाच्या नोंदीचे मूळ कागद पुढच्या पिढ्यांसाठी जपून ठेवण्याची पद्धत येथे नव्हती. शिवाय १९४८ च्या जनगणना कायद्याच्या पंधराव्या कलमाने या नोंदी पाहण्यास आणि पुरावा म्हणून वापरण्यास मनाई केली आहे. पणजोबांचे नाव १८८१ च्या जनगणनेत शोधण्याची वाट त्यामुळे मराठी माणसाला बंद आहे.

मात्र माणसे आणि घरे मोजण्याची रीत इंग्रजांनी येथे नव्याने आणली असे नाही. पेशवाईच्या काळात आणि इंग्रजी अमलाच्या आरंभीच्या वर्षांत गावांच्या व शहरांतील पेठांच्या खानेसुमाऱ्या, म्हणजे घरमोजणीच्या याद्या, तयार होत असत. त्यांत घरवार कुटुंबप्रमुखाचे नाव येते, पुष्कळदा जात किंवा धंदा येतो, आणि काही याद्यांत घरातील माणसे व दावणीची जनावरेही मोजलेली सापडतात. तपशील कागदागणिक कमीजास्त असतो, कारण यादी कोणत्या कामासाठी केली, पट्टी बसवण्यासाठी की नुसत्या माहितीसाठी, यावर तो अवलंबून असे. या याद्यांच्या जोडीला वतनाचे महजर (म्हणजे गावसभेपुढे साक्षीदारांसह झालेले निवाडे), गावचे ताळेबंद, जमिनीच्या पाहणीचे खर्डे आणि इनामांच्या कैफियती हे कागद ठेवले, म्हणजे अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांतील सामान्य कुटुंबांची बरीच माहिती डोळ्यांसमोर येते. पुण्याच्या पुराभिलेखागारातील पेशवे दफ्तरात अशा कागदांचे तीस हजारांहून अधिक रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, आहेत. गोविंद सखाराम सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात त्यांतून निवडलेल्या कागदांचे पंचेचाळीस खंड प्रसिद्ध केले, पण ती निवड मुख्यतः राजकारणाच्या इतिहासासाठी होती, आणि गावोगावच्या माणसांची नावे ज्या कागदांत आहेत त्यांतील फार मोठा भाग आजही मोडीतच, न छापलेला पडून आहे.

मोडी ही मराठीची धावती लिपी होय. बाळबोध, म्हणजे देवनागरी, पोथ्यांसाठी आणि छपाईसाठी. मोडी कारभारासाठी, हिशेबासाठी आणि पत्रांसाठी, अशी वाटणी कित्येक शतके चालत आली. यादवांचा मंत्री हेमाडपंत याने ती प्रचारात आणली अशी परंपरागत समजूत आहे. तिची सारी रचना वेगासाठी आहे. लेखक आधी कागदावर या कडेपासून त्या कडेपर्यंत शिरोरेषा ओढून घेई आणि मग बोरू शक्यतो न उचलता अक्षरांची ओळ तिला लटकवीत जाई. त्यामुळे एक अक्षर दुसऱ्यात मिसळते, काना किंवा वेलांटी जोडताना मूळ अक्षराचे रूप पालटते, अनुस्वार पुष्कळदा गळतो, आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेद लिपीत उरतच नाही. शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते आणि विरामचिन्हेही नसतात. नवशिक्याला वाटते की अक्षरमाला पाठ झाली की मोडी येईल. प्रत्यक्षात अक्षरमाला आठ-पंधरा दिवसांत पाठ होते, आणि तरीही खरा कागद समोर आल्यावर एक ओळ लागत नाही, कारण पुस्तकातील सुटे अक्षर आणि कारकुनाच्या हाताखालून धावत गेलेले अक्षर यांत फार अंतर असते.

हे अंतर काळागणिक आणि हातागणिक बदलते. शिवकालीन मोडीचे वळण वेगळे, पेशवाईतील अक्षर अधिक गोल, नेटके आणि बहुधा सर्वांत सुवाच्य. चिटणिसी, बिवलकरी, महादजीपंती, रानडी अशी त्या त्या लेखनघराण्यांच्या नावाने ओळखली जाणारी वळणे जाणकारांना पाहताक्षणी कळतात. एकोणिसाव्या शतकात बोरूच्या जागी टाक आला, रेघ बारीक झाली, अक्षर तिरपे पडू लागले आणि त्याची ठेवण सैलावली. म्हणून काळाने आपल्याला जवळ असलेला १८९० चा गावदप्तरातील कागद १७६० च्या हुजूर दप्तरातील, म्हणजे पेशव्यांच्या मध्यवर्ती कचेरीतील, कागदापेक्षा पुष्कळदा वाचायला कठीण जातो, ही गोष्ट नव्या अभ्यासकाला चकित करणारी असली तरी तिचे कारण साधे आहे. हुजूर दप्तरातील कारकून निवडलेला आणि तासून तयार झालेला असे. खेड्यातील कुलकर्णी एकटा, घाईत, हाती येईल त्या कागदावर लिहीत असे. मुंबई इलाख्याच्या सरकारने १९१७ साली कारभारासाठी मोडीऐवजी बाळबोध स्वीकारण्याचे ठरवले, तरी मोडी लगेच थांबली नाही; शाळांत ती त्यानंतरही काही दशके शिकवली जात होती आणि जुन्या वळणाची माणसे आपले खाजगी हिशेब शेवटपर्यंत तिच्यातच ठेवीत राहिली.

अक्षर लावण्याची खात्रीची रीत म्हणजे ज्ञातावरून अज्ञाताकडे जाणे. प्रत्येक प्रकारच्या कागदात काही वाक्ये आणि शब्द ठरलेले असतात: पत्राच्या आरंभी मायना, शेवटी ‘बहुत काय लिहिणे’ किंवा ‘हे विनंति’, यादीच्या माथ्यावर ‘यादी’ आणि सालाचा उल्लेख, गावाच्या नावामागे ‘मौजे’ किंवा ‘कसबे’, पुढे परगणा आणि प्रांत, हिशेबात ‘जमा’, ‘खर्च’, ‘पैकी’, ‘बाकी’, ‘बेरीज’. हे शब्द तेथे असणारच हे ठाऊक असल्यामुळे वाचकाने ते आधी शोधावेत आणि त्यांतून त्या लेखकाचा म, ज, क, ब कसा आहे याचा एक छोटा तक्ता त्याच कागदावरून उतरून घ्यावा. छापील तक्त्यापेक्षा हा हाताने केलेला तक्ता अधिक उपयोगी पडतो, कारण तो त्या एका माणसाच्या हाताचा असतो. मग अडलेले अक्षर त्या तक्त्याशी ताडून पाहायचे, त्याच पानावर ते आणखी कोठे आले आहे ते हुडकायचे, आणि तरीही न लागल्यास जागा मोकळी सोडून पुढे जायचे; दोन पानांनंतर हात डोळ्यांत बसला की मागे सोडलेले शब्द पुष्कळदा आपोआप लागतात. अनुभवी मोडीवाचक एका बैठकीत निरनिराळ्या हातांचे दहा कागद घेण्यापेक्षा एकाच हाताचा एक जाड गठ्ठा घेणे पसंत करतात ते याच कारणाने.

नावांच्या बाबतीत मात्र ही रीत पुरी पडत नाही, आणि कुलशोधकाला तर नावच हवे असते. वाक्यातील क्रियापद चुकीचे लागले तर अर्थ बिघडतो आणि चूक लक्षात येते. नाव चुकीचे लागले तर अर्थ बिघडत नाही, कारण कोणतेही नाव वाक्यात तितकेच नीट बसते. एखाद्या खानेसुमारीत ओळीवर ‘तुकोबाबाजी’ एवढी सलग अक्षरे आहेत असे समजू. मधे जागा नाही. हा ‘तुको बाबाजी’ असू शकतो, म्हणजे बाबाजीचा मुलगा तुको; किंवा ‘तुकोबा बाजी’ असू शकतो, म्हणजे बाजीचा मुलगा तुकोबा. तुको आणि तुकोबा एकाच माणसाला म्हणत असतील, पण बाबाजी आणि बाजी हे दोन वेगळे बाप आहेत आणि वंशावळीत त्यांच्यामागे दोन वेगळी घरे उभी राहतात. अक्षराकडे कितीही वेळ निरखून पाहिले तरी या प्रश्नाचे उत्तर तेथे मिळणार नाही, कारण अक्षर पूर्णपणे वाचले गेलेले आहे. उत्तर मिळाले तर ते दुसऱ्या कागदात मिळेल, जेथे त्याच गावातील त्याच माणसाचे नाव ‘तुको बिन बाबाजी’ असे फोड करून आले असेल, किंवा त्याचा भाऊ बापाच्या नावासह नोंदलेला असेल. ‘बिन’ म्हणजे ‘चा मुलगा’. त्याच अर्थाने ‘वलद’ हा शब्दही येतो. ‘रामाजीवनाजी’ची गत अशीच: रामाजी वनाजी, की रामा जीवनाजी? आणि ‘आणि’ या अर्थाचा ‘व’ दोन नावांना चिकटला म्हणजे एका माणसाचे दोन किंवा दोघांचा एक व्हायला वेळ लागत नाही.

येथे जो मोह होतो त्याबद्दल स्पष्ट बोलले पाहिजे. घराण्यात आधीपासून चालत आलेली एखादी वंशावळ असते, तिच्यात बाजी हे नाव असते, आणि समोरच्या कागदातील संदिग्ध अक्षरे त्या नावाशी जुळताच शोधणाऱ्याचा जीव भांड्यात पडतो. परंतु जुळवून घेतलेले वाचन हा पुरावा नव्हे. तोंडी वंशावळीला आधार म्हणून कागद शोधायचा आणि कागदाचे वाचन त्याच वंशावळीच्या आधाराने ठरवायचे, तर हाती काहीच नवे येत नाही. उलट एका अंदाजाला कागदाची प्रतिष्ठा मिळते आणि पुढची पिढी तो छापील स्वरूपात खरा मानून चालते. विसाव्या शतकात मराठीत अनेक घराण्यांचे कुलवृत्तान्त मोठ्या कष्टाने सिद्ध झाले, आणि त्यांपैकी जेथे मूळ कागद कोठला, त्यातील शब्द जसेच्या तसे काय, हे नमूद केले आहे ते आजही तपासता येतात. जेथे नुसते निष्कर्ष दिले आहेत तेथे वाचकाला संपादकाच्या शब्दावर विसंबावे लागते.

संक्षेप ही दुसरी अडचण असली तरी ती सवयीने सुटते. मोडी लेखक नेहमीच्या शब्दाचे पहिले अक्षर लिहून त्यापुढे एखादी खूण किंवा उभी रेघ देई. मौजे, कसबे, परगणे, तर्फ, राजश्री, मुक्काम, बिन हे शब्द पूर्ण लिहिलेले क्वचितच दिसतात. ‘मौजे मजकूर’ म्हणजे वर सांगितलेले गाव, ‘सन मजकूर’ म्हणजे वर सांगितलेले साल, ‘मशारनिल्हे’ म्हणजे पूर्वी उल्लेख केलेली व्यक्ती. त्यामुळे यादीच्या मधल्याच पानाचे छायाचित्र घेऊन येणाऱ्याला गाव कोणते तेच कळत नाही, म्हणून मथळ्याचे पान नेहमी सोबत असावे. स्त्रियांची नोंद ‘कोम’ किंवा ‘जवजे’ या शब्दांनी होते. ‘सगुणा कोम बाळाजी’ म्हणजे बाळाजीची बायको सगुणा. बायकांची नावे मुळातच कमी येतात आणि बहुधा नवरा वारल्यावर वतन किंवा घर तिच्या नावे चालले तरच येतात, म्हणून अशी नोंद सापडली तर ती नुसत्या नावापेक्षा पुष्कळ अधिक सांगते.

कालगणनेचा भाग सर्वांत किचकट, आणि तितकाच उपयोगी आहे. मराठी दप्तरात साल बहुधा शुहूर सनात, ज्याला अरबी सनही म्हणत, दिलेले असते, आणि ते आकड्यांत नव्हे तर अरबी संख्याशब्दांत लिहिलेले असते. एकक आधी, मग दशक, मग शतक, शेवटी सहस्र असा त्याचा क्रम. ‘समान तिसैन मया व अलफ’ म्हणजे आठ, नव्वद, शंभर आणि हजार, अर्थात ११९८. हे साल मृग नक्षत्राच्या सुमारास, मेअखेर ते जूनच्या आरंभी, सुरू होते. मृगापासून डिसेंबरपर्यंतच्या तारखेसाठी त्यात ५९९ आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६०० मिळवले की इसवी सन येतो, म्हणजे ११९८ हे साल १७९७-९८ ठरते. आता यातील शब्द पाहावेत: ‘सबा’ म्हणजे सात आणि ‘सबैन’ म्हणजे सत्तर, ‘सीत’ म्हणजे सहा आणि ‘सितैन’ म्हणजे साठ, ‘तिसा’ म्हणजे नऊ आणि ‘तिसैन’ म्हणजे नव्वद, ‘समान’ म्हणजे आठ आणि ‘समानीन’ म्हणजे ऐंशी. धावत्या मोडीत ‘सबैन’ आणि ‘सितैन’ यांतील फरक एखाद्या वळशाएवढाच उरतो, पण तो चुकला तर कागद दहा वर्षे पुढेमागे होतो. ‘सितैन’च्या जागी ‘तिसैन’ वाचले गेले तर तीस वर्षांची, म्हणजे एका संपूर्ण पिढीची, चूक होते, आणि मुलगा बापाच्या आधी जन्मल्याचे दिसू लागते.

सुदैवाने जुन्या लेखकांनी एकाच कागदात साल दोन-तीन प्रकारे लिहून ठेवण्याची सवय लावून घेतली होती. महिन्याची तारीख पुष्कळदा चंद्राची म्हणून ‘छ’ या अक्षराने दर्शवून हिजरी महिन्यात दिलेली असते, तर धर्मकार्याच्या व वतनाच्या कागदांत शालिवाहन शक आणि संवत्सराचे नाव येते. साठ संवत्सरांचे चक्र ठरलेले असल्यामुळे शक पुसट झाला तरी संवत्सरावरून तो सावरता येतो. समजा कागदावर ‘शके १७२’ एवढे स्पष्ट असून शेवटचा आकडा चार की नऊ हे कळत नाही, पण पुढे ‘दुंदुभीनाम संवत्सर’ वाचता येते. शकात बारा मिळवून साठाने भागले असता जी बाकी उरते तो संवत्सराचा क्रमांक असतो, १७२४ साठी ती छप्पन्न येते आणि छप्पन्नावा संवत्सर दुंदुभीच आहे, तर १७२९ साठी बाकी एक म्हणजे प्रभव येतो. शक १७२४ म्हणजे इसवी सन १८०२-०३, हे अशा रीतीने शाई न दिसताही निश्चित होते. शिवराज्याभिषेकाचा शक १५९६ हा आनंदनाम संवत्सर म्हणून प्रसिद्ध आहे. त्यावर हे गणित कोणालाही पडताळून पाहता येईल.

घराण्याच्या दृष्टीने सर्वांत भरघोस कागद कोणते, असे विचारले तर उत्तर काहीसे अनपेक्षित आहे. १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार मिळाले आणि इनामे, वतने खरी की खोटी याची चौकशी सुरू झाली. ज्यांची इनामे गेली त्यांच्या दृष्टीने हा घाला होता. पण आपला हक्क पिढीजात आहे हे सिद्ध करण्यासाठी इनामदारांना कैफियती द्याव्या लागल्या आणि मूळ पुरुषापासून हयात वारसांपर्यंत वंशावळी मांडाव्या लागल्या, त्यामुळे एरवी कोठेच न लिहिली गेलेली नावे सरकारी दप्तरात कायमची नोंदली गेली. अशा वंशावळी वाचताना त्या हक्कासाठी केलेल्या आहेत हे विसरू नये. ज्या शाखेला वाटा मिळू द्यायचा नव्हता ती गाळली जाण्याचा संभव असतो, आणि मुलींचा उल्लेख सहसा येत नाही. शेतकरी कुटुंबांना इनाम नसले तरी ती गावच्या महजरांत साक्षीदार म्हणून भेटतात: नावापुढे सहीच्या जागी पाटलाची किंवा कुणब्याची निशाणी नांगर आणि कारागिराचे त्याच्या धंद्याचे हत्यार काढलेले असते. आडनाव पुष्कळदा नसतेच. जोशी, कुलकर्णी, देशमुख, पाटील ही नावे त्या काळी हुद्दा किंवा वतन दाखवतात, म्हणून एका गावचे दोन कुलकर्णी एकाच रक्ताचे असतील असे गृहीत धरता येत नाही. त्यात नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याची चाल असल्यामुळे मानाजी बिन रायाजी आणि रायाजी बिन मानाजी हे आळीपाळीने येत राहतात, आणि पन्नास वर्षांच्या अंतराने सापडलेले दोन मानाजी हे एक की आजोबा-नातू हे केवळ सालावरूनच ठरते.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून गावच्या जन्ममृत्यूच्या नोंदवह्या, ज्यांना कोतवाल बुक किंवा गाव नमुना चौदा म्हणतात, आणि शाळांच्या प्रवेशनोंदी हाताशी येतात. जन्मनोंदीत बाळाचे नाव शोधणाऱ्याची पुष्कळदा निराशा होते, कारण नोंद बारशाच्या आधी झालेली असते आणि रकान्यात नुसते ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ असते. बापाचे नाव आणि तारीख यांवरूनच ओळख पटवावी लागते. मृत्यूच्या कारणात ‘ताप’, ‘पटकी’ म्हणजे कॉलरा, ‘देवी’ असे शब्द येतात, आणि एका पानावर ‘पटकी’ हा शब्द ओळीने खाली उतरत गेलेला दिसला म्हणजे त्या वर्षी त्या गावावर काय ओढवले होते ते वेगळे सांगावे लागत नाही. नाशिक, त्र्यंबकेश्वर येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांतील नावे यजमानांनी स्वतः येऊन सांगितलेली असल्यामुळे त्या सरकारी नोंदींना उत्तम जोड देतात.

मराठी माणूस जेथे गेला तेथे कागदही निराळा झाला. तंजावरच्या मराठी राजवटीचे मोडी कागद सरस्वती महाल ग्रंथालयात आहेत, आणि त्यांतील मराठीत दक्षिणेकडचे शब्द मिसळलेले असल्याने पुण्याच्या मोडीवर हात बसलेल्यालाही ते नव्याने शिकावे लागते. मॉरिशसला १८३४ पासून गिरमिटिया, म्हणजे कराराने बांधलेले, मजूर नेले गेले, त्यांत मुंबई इलाख्यातून गेलेल्या मराठी लोकांचाही समावेश होता. मोका येथील महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये जपलेल्या नोंदवह्यांत त्यांची नावे, बापाचे नाव, वय, जात, गाव रोमन लिपीत आहेत. तेथे अक्षर वाचले जाते, पण मराठी न जाणणाऱ्या कारकुनाने कानावर पडेल तसे लिहिलेले असल्यामुळे नाव ओळखू येत नाही, आणि कोकणातील गावाचे नाव ओळखण्यासाठी ते मोठ्याने, निरनिराळ्या उच्चारांनी म्हणून पाहण्यावाचून गत्यंतर नसते. मराठवाड्यात निजामी अमलामुळे मोडीबरोबर उर्दू आणि फारसी दप्तरेही पाहावी लागतात.

या विद्येची सार्वजनिक गरज किती आहे ते २०२३ मध्ये सर्वांच्या नजरेस आले. कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली राज्य शासनाने समिती नेमली, तालुक्या-तालुक्यांतील जुनी दप्तरे उघडली गेली आणि मोडी वाचू शकणारी माणसे किती थोडी उरली आहेत हे प्रशासनाला प्रथमच तीव्रतेने जाणवले. ज्या कागदावर आज कोणाचा तरी जातीचा दाखला अवलंबून आहे त्याचे वाचन घाईने किंवा अपेक्षित उत्तर डोळ्यांसमोर ठेवून होता कामा नये, मग ते उत्तर कोणत्याही बाजूचे असो. शासनाचे पुराभिलेख संचालनालय आणि पुण्याचे १९१० साली स्थापन झालेले भारत इतिहास संशोधक मंडळ यांच्यासारख्या संस्थांनी मोडीचे शिक्षण चालू ठेवले आहे, आणि त्या वर्गांतून बाहेर पडलेली माणसेच आज हा भार उचलत आहेत. २०१४ साली मोडीला युनिकोडमध्ये स्थान मिळाल्यामुळे ती संगणकावर लिहिता येऊ लागली. रुरकीच्या आयआयटीतील संशोधकांनी २०२५ मध्ये हस्तलिखित मोडीचे देवनागरीत लिप्यंतर करणारी प्रणाली जाहीर केली. अशी साधने पहिला कच्चा खर्डा देण्यास उपयोगी पडतील आणि त्यांचे स्वागतच केले पाहिजे, पण ‘तुकोबाबाजी’ची फोड कोठे करायची हे यंत्रालाही दुसरा कागद पाहिल्याशिवाय कळणार नाही.

वाचन झाल्यावर ते टिपण्याची शिस्त वाचनाइतकीच महत्त्वाची आहे. मूळ शब्द जसे आहेत तसे, ‘जाला’, ‘येक’, ‘आसे’ ही जुनी रूपे न सुधारता, ओळीला ओळ लावून उतरावेत. संशयाच्या अक्षरापुढे प्रश्नचिन्ह, आपण घातलेल्या अक्षराला चौकटी कंस, फाटलेल्या जागी टिंबे द्यावीत, आणि दोन वाचने शक्य असतील तर दोन्ही लिहून ठेवावीत. दप्तराचे नाव, रुमालाचा आणि कागदाचा क्रमांक त्याच पानावर नोंदवावा, नाहीतर काही वर्षांनी तो कागद स्वतःलाच पुन्हा सापडत नाही. घरातील माळ्यावर जे कागद आहेत त्यांची कथा अधिक नाजूक आहे. काजळाची जुनी शाई पाण्याने पसरते, म्हणून ओल्या फडक्याने धूळ पुसू नये. घडीवर फाटलेल्या जागी चिकटपट्टी लावू नये आणि कागद प्लास्टिकमध्ये कायमचे बंद करून घेऊ नयेत, कारण दोन्ही गोष्टी पुढे सोडवता येत नाहीत. पुसट अक्षर दिसत नसेल तर कागद खिडकीजवळ नेऊन बाजूने तिरपा प्रकाश पडेल असा धरावा आणि त्याच प्रकाशात छायाचित्र घ्यावे. बोरूच्या दाबाने उमटलेली खाच शाई उडाल्यानंतरही कधी कधी त्यात दिसते, आणि मागची बाजूही घ्यावी, कारण कागद कोणाचा, कोठून आला आणि कोणत्या तारखेला पोचला याचा शेरा बहुधा तेथेच असतो.